ग्रेग घराण्याची गिरणी आणि पौंडामागचे पेन्स

प्रश्न असा आहे: यंत्रयुगाच्या सुरुवातीला एखादं कुटुंब सूतगिरणी काढायचं म्हणजे नेमकं काय करायचं, पैसा कुठून आणायचं, आणि त्यातली इतकी घराणी दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत धंद्याबाहेर का गेली? विचारणाऱ्याने पुढे असंही म्हटलं आहे की "ज्याच्याकडे नवं यंत्र, तो श्रीमंत" हे उत्तर पटत नाही. न पटणं बरोबरच आहे. मी सूतगिरणीतला माणूस. कार्डिंग म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यापासून रिंगफ्रेम या सूत कातायच्या यंत्रापर्यंत सगळीकडे काम केलं आहे आणि जुन्या गिरण्यांचे हिशेब वाचायची खोड आहे. त्या बाजूने उत्तर देतो.

आधी यंत्राचं. इंग्लंडच्या आर्कराइटने वॉटर फ्रेमचं, म्हणजे पाण्याच्या चाकावर चालणाऱ्या सूत कातायच्या यंत्राचं, पेटंट घेतलं १७६९ साली. रुळांच्या एकामागे एक जोड्या, पुढची जोडी मागचीपेक्षा जास्त वेगाने फिरणारी, त्यातून पेळू ताणला जाऊन बारीक होतो आणि शेवटी फ्लायर हा फिरणारा भाग त्याला पीळ देतो. रुळांनी कापूस ताणायची कल्पना पॉल आणि वायट यांनी १७३८ सालीच मांडली होती. त्यांची गिरणी चालली नाही. का, ते सूत कातणाऱ्या कोणालाही कळेल. दोन जोड्यांमधलं अंतर तंतूच्या लांबीहून किंचित जास्त हवं. कमी झालं तर तोच तंतू दोन्हीकडे धरला जाऊन तुटतो. फार जास्त झालं तर आखूड तंतू मध्येच कोणाच्याही पकडीत नसतात, आणि सूत एका ठिकाणी जाड, एका ठिकाणी केसासारखं निघतं. वरच्या रुळावर वजन पुरेसं नसेल तर तेही फुकट. आर्कराइटने हे अंतर आणि हे वजन जमवलं. त्याची खरी करामत तेवढीच, पण तेवढ्यावरच गिरणी चालते किंवा बंद पडते. आजही नवा कापूस आला की फिटर आधी रुळांचं अंतर बघतो.

तर १७६९ चं पेटंट चौदा वर्षांनी, म्हणजे १७८३ साली संपलं. कार्डिंगचं त्याचं दुसरं पेटंट १७८५ साली कोर्टाने रद्द केलं. त्यानंतर वॉटर फ्रेम कोणीही बनवून घ्यावी. सॅम्युएल क्रॉम्प्टनने १७७९ साली म्यूल हे बारीक सूत कातणारं यंत्र बनवलं, पेटंट घेतलंच नाही, लोकांनी वर्गणी काढून थोडेफार पौंड हातावर ठेवले आणि म्यूल मँचेस्टरच्या आसपासच्या अख्ख्या लँकेशायरभर पसरला. १८१२ साली पार्लमेंटने त्याला ५,००० पौंड दिले, तोवर म्यूलवरच्या चात्या (सूत गुंडाळणारे फिरते दांडे) लाखांनी मोजाव्या लागत होत्या. म्हणजे यंत्र सगळ्यांना मिळत होतं. जे सगळ्यांना मिळतं त्यावर पिढ्यान्पिढ्या पैसा मिळत नाही.

मग पैसा कोणाला मिळाला? यासाठी मी नेहमी ग्रेग घराण्याचं उदाहरण देतो. एक तर त्यांची कागदपत्रं टिकली, आणि दुसरं म्हणजे त्यांची क्वॉरी बँक गिरणी मँचेस्टरच्या दक्षिणेला स्टायल गावी अजून उभी आहे.

सॅम्युएल ग्रेगचा जन्म १७५८ सालचा, बेलफास्टमधला. बाप जहाजांचा मालक आणि व्यापारी. मँचेस्टरमध्ये त्याचे दोन मामा होते, रॉबर्ट आणि नॅथॅनिएल हाइड, कापडाचे मोठे व्यापारी. रॉबर्ट मामाला वारस हवा होता, म्हणून आठ वर्षांच्या सॅम्युएलला मँचेस्टरला धाडलं. आपल्याकडे दत्तक घेतात त्यातलाच प्रकार, फक्त कारण धर्माचं नसून पेढीचं. १७८२ साली रॉबर्ट वारला आणि भाच्याला १०,००० पौंड ठेवून गेला. नॅथॅनिएल निवृत्त झाला. चोविशीतल्या पोराच्या हाती पेढी आली, तीत २६,००० पौंडांचा माल होता.

हे आकडे मुद्दाम सांगतो आहे. त्या काळी हजारेक चात्यांची पाण्यावर चालणारी गिरणी इमारत आणि यंत्रांसकट तीन ते पाच हजार पौंडांत उभी राहायची. म्हणजे ग्रेगच्या गोदामात पडलेल्या कापडाची किंमत गिरणीच्या कित्येक पट होती. धंद्याचं खरं भांडवल होतं कापूस, सूत, विणायला दिलेला माल आणि उधारी. गिरणी हा त्यात जोडलेला एक तुकडा. गिरणी काढायला पैसा लागतोच, पण गिरणी चालवायला त्याहून जास्त लागतो, आणि तो सतत अडकून पडलेला असतो. धंद्यात नव्याने उतरणाऱ्याला हे सांगून पटत नाही. पहिला हंगाम गेला की आपोआप पटतं.

ग्रेगने गिरणी का काढली, याचं उत्तरही या पेढीतच आहे. हाइड मंडळी विणकरांना सूत द्यायची आणि कापड परत घ्यायची. हातचरख्यावरचं सुती सूत ताण्याला टिकत नसे, म्हणून ताणा लिननच्या (जवसाच्या) धाग्याचा आणि बाणा कापसाचा असं फस्टियन नावाचं कापड विणलं जाई. वॉटर फ्रेमचं सूत पिळदार आणि मजबूत, ताण्याला चालणारं. शिवाय निव्वळ सुती कापडावरची जुनी बंदी १७७४ साली उठली होती. त्यामुळे ताण्याच्या सुताला एकदम मागणी आली आणि सूत मिळेना. आपल्याच विणकरांचे माग सुताविना थांबतात म्हटल्यावर व्यापाऱ्याने कातणं आपल्या हाती घ्यायचं ठरवलं. १७८४ साली बॉलिन नदीच्या काठी लॉर्ड स्टॅमफर्डची जमीन भाडेपट्ट्याने घेऊन गिरणी उभी राहिली. पेटंट संपून जेमतेम वर्ष झालं होतं. गिऱ्हाईक आधी आणि यंत्र मागून, हा क्रम लक्षात ठेवा.

आता मुख्य गोष्ट. ४० नंबरच्या (नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक) एक पौंड वजनाच्या सुताचे तेव्हाचे भाव उपलब्ध आहेत. पैशात १२ पेन्सचा एक शिलिंग आणि २० शिलिंगांचा एक पौंड, हे धरून वाचा; पुढे "पौंडामागे" म्हणतो तो मात्र वजनाचा पौंड. १७७९ साली हे सूत १६ शिलिंगांना विकलं जाई. १७८४ साली १० शिलिंग ११ पेन्स. १७९९ साली साडेसात शिलिंग. १८१२ साली अडीच शिलिंग. १८३० साली १ शिलिंग अडीच पेन्स. एवढं वाचून लोक म्हणतात, वा, यंत्रांनी सूत किती स्वस्त केलं! मी म्हणतो, दुसरा रकाना वाचा. एवढ्या सुताला लागणाऱ्या कापसाची किंमत १७८४ साली २ शिलिंग, १७९९ साली युद्धाच्या दिवसांत ३ शिलिंग ४ पेन्स, १८१२ साली दीड शिलिंग आणि १८३० साली पावणेआठ पेन्स होती. वजाबाकी करा. कापूस सोडून मजुरी, यंत्रं, व्याज, नफा या सगळ्यांसाठी पौंडामागे उरत होते १७८४ साली ८ शिलिंग ११ पेन्स, म्हणजे १०७ पेन्स. १८१२ साली १२ पेन्स. १८३० साली पावणेसात पेन्स.

एकशे सातचे पावणेसात. एका माणसाच्या कामाच्या हयातीत.

म्हणजे गिरणीला १७८४ इतकीच रक्कम हातात हवी असेल तर १८३० साली जवळजवळ सोळापट सूत कातायला हवं. बापाने धंदा काढला तेव्हा गिरणी कशीही चालवली तरी पैसा होता. मुलगा गादीवर बसला तेव्हा तीच गिरणी तशीच चालवली असती तर दिवाळं निघालं असतं. त्या काळातल्या घराण्यांच्या उदयाचं आणि अस्ताचं निम्मं कारण या वजाबाकीत आहे.

त्याच आकड्यांतली आणखी एक गोष्ट सूत कातणाऱ्याच्याच नजरेला पडेल. ही कापसाची किंमत १६ औंसांची नाही, १८ औंसांची आहे. एक पौंड सूत म्हणजे १६ औंस, मग वरचे २ औंस गेले कुठे? बोंडाचा कचरा, पिंजताना उडालेले आखूड तंतू, जमिनीवरची झाडलोट, तुटलेल्या धाग्याची गुंडी. त्याला आम्ही वेस्ट म्हणतो, आणि इथे ते अकरा टक्क्यांच्या घरात आहे. १७८४ साली सुताच्या किमतीत कापसाचा वाटा एक पंचमांशाहूनही कमी होता. वेस्टकडे कोण बघतो? १८३० साली तोच वाटा निम्म्याच्या वर गेला. आता वेस्टमधला प्रत्येक टक्का मालकाच्या खिशातून जायला लागला. बापाच्या काळी भाव ठरवणारा आणि गिऱ्हाईक सांभाळणारा माणूस मोठा होता. मुलाच्या काळी लिव्हरपूलला कापूस पारखून घेणारा आणि कार्डिंग खातं झाडून काढणारा माणूस मोठा झाला. एकाच घरात हे दोन स्वभाव लागोपाठच्या पिढ्यांत जन्माला यावेत, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

ग्रेगने या घसरणीला तोंड कसं दिलं ते बघा. पहिलं पाऊल म्हणजे १७९६ साली पीटर युअर्टला भागीदार केलं. युअर्ट इंजिनियर, वाफेची इंजिनं बनवणाऱ्या बोल्टन आणि वॉट यांच्याकडे काम केलेला. ग्रेगला स्वतःला यंत्रातलं विशेष कळत नव्हतं आणि आपल्याला कळत नाही हे त्याला कळत होतं. गिरणीमालकांत हा गुण फार कमी बघितला आहे मी. युअर्टने पाण्याचा बंदोबस्त सुधारला, दुसरं चाक बसवलं. १८१० साली बोल्टन आणि वॉटचं १० अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन आलं, तेही उन्हाळ्यात नदीचं पाणी उतरलं की चाकाला हात द्यायला. मग १८१८ साली टॉमस ह्यूजचं मोठं चाक: व्यास ३२ फूट, रुंदी २१ फूट, ताकद सुमारे १०० अश्वशक्ती.

इथे लोक विचारतात, वाफेचं युग सुरू झालं असताना हा माणूस पाण्याच्या चाकावर एवढा खर्च का करतो? मागासलेला होता का? अजिबात नाही. धरण, चाकाला पाणी आणणारा पाट, जमिनीचा पट्टा यांत पैसा आधीच गाडला गेला होता. पाणी फुकट होतं. स्टायलला कोळसा आणायचा तर गाड्या भरून आणावा लागे, गिरणीच्या दाराशी मालाच्या बोटी येतील असा कालवा नव्हता. मँचेस्टर शहरातल्या गिरणीला वाफ परवडत होती म्हणून नदीकाठच्या गिरणीला परवडेलच असं नाही. शिवाय चांगलं चाक एकसारखं फिरतं. सुरुवातीच्या इंजिनांच्या झटक्यांनी धागे तुटत. शंभर चात्यांवर एकदम धागे तुटले की काय गोंधळ उडतो, हे ज्याने खात्यात उभं राहून पाहिलं आहे तो चाकाला नावं ठेवणार नाही.

पण चाकाची एक अडचण होती: नदी गावाबाहेर असते आणि माणसं गावात. माणसं आणायची कुठून? या प्रश्नाच्या उत्तरावर या काळातल्या गिरण्यांची सगळ्यात मोठी बदनामी उभी आहे, आणि ती खोटी नाही. मोठी माणसं शेत आणि घरचा माग सोडून गिरणीत, घंटेवर, परक्याच्या हुकमतीखाली यायला तयार नव्हती. मग पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या स्थानिक कारभाराच्या, खर्चावर वाढणारी वर्कहाऊसची (निराधारांच्या आश्रयगृहाची) मुलं आणली जात. ग्रेगने १७९० साली त्यांच्यासाठी शिकाऊ मुलांचं घर बांधलं. पुढे तिथे एका वेळी नव्वदच्या आसपास मुलं राहायची, त्यात मुली जास्त. पॅरिश मुलाबरोबर थोडी रक्कम आणि कपडे द्यायची, कारण तिचा पुढचा खर्च वाचत होता. मजुरी नाही, जेवण आणि निवारा. करार वर्षानुवर्षांचा. सुताचा भाव घसरत असताना गिरणीमालकाच्या हिशेबात ही मुलं म्हणजे भाव न वाढणारी मजुरी.

१८०६ साली टॉमस प्रीस्टली आणि जोसेफ सेफ्टन ही दोन मुलं स्टायलहून पळाली आणि थेट लंडनला पोचली. तिथे मॅजिस्ट्रेटसमोर त्यांचे जबाब झाले, ते वाचण्यासारखे आहेत. एका बिछान्यात दोघे झोपायचो, चादर महिन्याने धुतलेली, सदरा दर रविवारी स्वच्छ, असा सगळा तपशील आहे. मालकाने छळ केला अशी ओरड नाही. प्रीस्टलीचं बोट यंत्रात सापडून गेलं होतं. आणि आईला भेटायचं होतं.

त्या बोटाबद्दल एक शब्द. चालू यंत्राखालचा कापूस काढणं, दातेरी चाकांजवळची लव झाडणं हे काम मुलांना द्यायचे, कारण त्यांचा हात बारीक. यंत्र थांबवून झाडलं तर उत्पादन बुडतं, म्हणून चालू यंत्र झाडायचे. गार्ड नव्हतेच. चालू यंत्रात हात घालू नये, हा नियम कागदावर लिहायला एक ओळ लागते. तो पाळायला लावायचा तर उत्पादनाचा हिशेब बदलावा लागतो, आणि पौंडामागे बारा पेन्स उरत असताना तो कोणी आपणहून बदलत नाही. म्हणून कायदे लागले: १८०२ चा शिकाऊ मुलांसाठीचा, बारा तासांची मर्यादा घालणारा आणि त्यांचं रात्रीचं काम बंद करू पाहणारा, पण तपासनीस नसल्याने बराचसा कागदी, आणि १८३३ चा, ज्यात पगारी फॅक्टरी इन्स्पेक्टर आले. पहिला कायदा आणणारा सर रॉबर्ट पील स्वतः सूतगिरण्यांचा मालक होता, हे ऐकून काहींना आश्चर्य वाटतं. मला वाटत नाही. स्वतःच्या गिरणीत काय चालतं ते त्याला माहीत होतं.

ग्रेगकडे निदान डॉक्टर होता, पीटर हॉलंड, आणि गिरणीसाठी असा डॉक्टर नेमणारे मालक तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सॅम्युएलची बायको हॅना आणि तिच्या मुली या पोरांना लिहायला-वाचायला शिकवायच्या. कनवाळूपणा होता आणि हिशेबही होता. आजारी पोर चाती चालवत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या काढायचा प्रयत्न मी सोडून दिला आहे, त्या लोकांच्या मनातही त्या वेगळ्या नसाव्यात.

आता "कुटुंब" या शब्दाकडे येतो, कारण प्रश्नातला तोच भाग बहुतेक जण शोभेचा समजतात.

त्या काळी मर्यादित जबाबदारीची कंपनी काढता येत नव्हती. तो कायदा इंग्लंडमध्ये १८५५ साली आला. तोवर भागीदारी म्हणजे प्रत्येक भागीदाराचं घर, जमीन, ताटवाटीसुद्धा धंद्याच्या कर्जाला बांधलेली. भागीदाराने केलेल्या उधारीवर तुमचं घर जाऊ शकतं. मग भागीदार कोणाला कराल? भावाला, मेहुण्याला, जावयाला, नाहीतर आपल्याच प्रार्थनामंदिरात येणाऱ्या माणसाला, ज्याच्या तीन पिढ्या तुम्हाला ठाऊक आहेत. ग्रेग मंडळी युनिटेरियन या, इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेरच्या ख्रिस्ती पंथाची. ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी आणि सरकारी पदं यांची दारं त्यांना बहुतांशी बंद, त्यामुळे हुशार पोरं व्यापारातच यायची आणि लग्नंही त्याच वर्तुळात व्हायची. हॅना लाइटबडी लिव्हरपूलच्या व्यापारी घरातली. १७८९ सालच्या या लग्नाने रक्कम आली ती आलीच, शिवाय कापूस जिथे उतरतो त्या बंदरात नातेवाईक आले. कापसाचा भाव उद्या काय होणार याची एक खासगी चिठ्ठी वर्षभराच्या काटकसरीहून जास्त कमावून देते.

बँका होत्या, पण कायद्याने बँकेत सहापेक्षा जास्त भागीदार नसावेत असं बंधन १८२६ पर्यंत होतं, त्यामुळे त्या छोट्या आणि पटकन बुडणाऱ्या. लांब मुदतीचं कर्ज बँकेकडून मिळेल अशी आशा कोणी धरत नसे. रोजचा व्यवहार हुंड्यांवर. सूत विकलं की गिऱ्हाईक दोन-तीन महिन्यांच्या मुदतीची हुंडी द्यायचा, ती पाठीवर सही करून कापसाच्या दलालाला द्यायची, तो पुढे कोणाला देणार. लँकेशायरमध्ये या हुंड्या नाण्यासारख्या हातोहात फिरत. सही कोणाची आहे यावर सगळं. ग्रेग नावाची सही चालत होती, कारण तिच्यामागे मँचेस्टर, लिव्हरपूल आणि बेलफास्टमधली तीन-चार घरं उभी आहेत हे बाजाराला ठाऊक होतं. व्याजाला कायद्याने ५ टक्क्यांची कमाल मर्यादा. भागीदार आपल्या भांडवलावर तेवढं व्याज धरायचे, घरखर्चाला उचलायचे आणि बाकीचा नफा धंद्यातच ठेवायचे. बाहेरचा गुंतवणूकदार असं वीस वर्षं थांबणार नाही. घरचा माणूस थांबतो, कारण त्याला दुसरीकडे जाताच येत नाही.

आणि याच कुटुंबाच्या पैशात एक धागा असा आहे जो झाकून पुढे जाणं बरं नव्हे. वेस्ट इंडीजमधल्या डॉमिनिका बेटावर ग्रेगांचा हिल्सबरो नावाचा उसाचा मळा होता, गुलामांच्या कष्टावर चालणारा. वारशाने आला होता. सुती धंद्याला लागणारा कापूसही आधी वेस्ट इंडीज, ब्राझील आणि तुर्की मुलखातून, आणि १७९३ साली व्हिटनीचं सरकी काढायचं यंत्र आल्यावर मोठ्या प्रमाणात अमेरिकेच्या दक्षिणेतून, म्हणजे पुन्हा गुलामांच्याच हातून यायचा. गिरणीतल्या मुलांना डॉक्टर देणारं घर आणि मळ्याचं उत्पन्न घेणारं घर एकच.

कुटुंब नसेल तर काय होतं, याचं उदाहरण सॅम्युएल ओल्डनो. कसब बघितलं तर हा ग्रेगहून सरस. म्यूलच्या बारीक सुतावर त्याने हिंदुस्थानी मलमलीच्या तोडीचं कापड काढलं आणि १७८० च्या दशकात ब्रिटनचा पहिल्या क्रमांकाचा मलमल उत्पादक झाला. मग आर्कराइटचं कर्ज, स्टॉकपोर्टला वाफेवरची गिरणी, मेलरला सहामजली प्रचंड गिरणी, जमिनी, रस्ते, सगळं एकदम. १७९२-९३ च्या मंदीत बाजारात नाणं मिळेना तेव्हा त्याने मजुरांना पगाराऐवजी दुकानात चालतील अशा स्वतःच्या चिठ्ठ्या दिल्या. तो तगला, पण आयुष्यभर आर्कराइट घराण्याचा कर्जदार राहिला. लग्न केलं नाही. १८२८ साली वारला आणि मालमत्ता सावकाराकडे गेली. कौशल्यात कमी पडला असं कोणी म्हणणार नाही. वाईट वर्षी पैसा परत न मागणारा एकही मामा, सासरा, मेहुणा त्याच्याकडे नव्हता.

आता दुसरी पिढी. सॅम्युएल आणि हॅनाला तेरा मुलं. १८३४ साली सॅम्युएल गेला तोवर स्टायलखेरीज केटन, लँकेस्टर, बरी आणि बॉलिंग्टन अशा ठिकाणी गिरण्या झाल्या होत्या. पौंडामागचे पेन्स घटले की पौंड वाढवायचे, हा त्यामागचा सरळ हिशेब. आणि मुलगे चार-पाच, प्रत्येकाला काहीतरी हवं. गिरण्या वाढण्याचं हे दुसरं कारण कुठल्याच हिशेबवहीत लिहिलेलं नसतं, पण धंदेवाईक घरात वाढलेल्याला ते सांगावं लागत नाही.

मुलांपैकी रॉबर्ट हाइड ग्रेग पक्का गिरणीवाला निघाला. नुसत्या सुतात राम उरला नाही हे ओळखून त्याने १८३० च्या दशकात क्वॉरी बँकला यंत्रमाग बसवले. सूत विकून पावणेसात पेन्स मिळत असतील तर तेच सूत विणून कापडावरचेही चार पेन्स घ्यावेत. माणूस कडक होता. कामाचे तास कमी करणाऱ्या कायद्यांना त्याने उघड विरोध केला. आवडण्यासारखा नाही, पण गिरणी टिकली.

त्याचा भाऊ धाकटा सॅम्युएल बॉलिंग्टनला. याने मजुरांसाठी बागा केल्या, शाळा, वाचनालय, न्हाणीघरं, घरी चहाला बोलावणं. १८४६ साली कापड ताणायची नवी यंत्रं आणली आणि त्याच मजुरांनी काम बंद केलं. तो मनाने मोडला आणि धंद्यातून बाहेर पडला. त्याच्यावर हसणारे पुष्कळ आहेत. माझं मत जरा वेगळं आहे. नवं यंत्र बसवलं की कोणाचं काम जाणार, कोणाचा दर बदलणार, हे आधी खात्यात जाऊन बोलावं लागतं, आणि त्याची भरपाई बागेने होत नाही. मुकादमाला जे ठाऊक असतं ते दयाळू मालकाला ठाऊक असेलच असं नाही.

तिसरा विल्यम रॅथबोन ग्रेग. बरीची गिरणी त्याच्याकडे, जीव लेखनात. १८५० च्या सुमारास गिरणी सोडली, निबंधकार म्हणून नाव काढलं आणि १८५६ साली सरकारचा कस्टम्स कमिशनर, म्हणजे जकात खात्याचा वरिष्ठ अधिकारी, झाला. घराण्याच्या दृष्टीने ही पडझड म्हणायची की चढती कमान? बापाच्या काळी जी दारं बंद होती ती उघडली म्हणून तो गेला. "तिसऱ्या पिढीत घराणी बुडाली" असं लिहिताना यांतली किती खरोखर बुडाली आणि किती नुसती निघून गेली, हे वेगळं मोजायला हवं. पावणेसात पेन्सांवर पंधरा-पंधरा तास डोकं घालण्यापेक्षा बरं काही मिळत असताना शिकलेला मुलगा गिरणीत का थांबेल?

अशा एखाद्या घराण्याचा अभ्यास करायचा असेल तर यंत्रांच्या याद्यांपासून सुरुवात करू नका. आधी लग्नाचे करार आणि मृत्युपत्रं काढा, त्यातून भांडवल कुठून आलं ते कळेल. मग कापूस खरेदीचं वजन आणि सूत विक्रीचं वजन शेजारी शेजारी मांडा. फरक अठरा-सोळाच्या आसपास राहिला असेल तर गिरणी जागेवर आहे. वाढत गेला असेल तर मालकाचं लक्ष खात्यात नाही, तो पार्लमेंटमध्ये किंवा शिकारीवर आहे. शेवटी भागीदारांची उचल, म्हणजे घरखर्चाला काढलेली रक्कम, बघा. जिथे नफा घटला तरी उचल घटत नाही तिथून पुढे फार पानं वाचावी लागत नाहीत. ग्रेगांच्या बाबतीत क्वॉरी बँकची इस्टेट १९३९ साली कुटुंबानेच नॅशनल ट्रस्ट या ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या संस्थेला दिली आणि गिरणीचं व्यापारी काम १९५९ साली थांबलं.